परीस आणि कानस

मराठी वाङ्मयाने लोखंडाला एकच मोठी आकांक्षा दिली आहे, ती म्हणजे सोने होण्याची. परिसाचा स्पर्श झाला की लोखंडाचे लोखंडपण सरते, हा दृष्टान्त संतवाङ्मयात इतक्या वेळा येतो की लोखंड म्हणजे जड, काळे, गंजणारे आणि उद्धाराची वाट पाहत पडलेले काहीतरी, अशी आपली कल्पना नकळत घडून गेली आहे. लोहाराच्या ऐरणीवर मात्र लोखंडाने सोने व्हावे असे कोणालाच वाटत नाही. तिथे त्याने पोलाद व्हावे, धार धरावी आणि ती टिकवावी, एवढीच अपेक्षा असते. लोखंडाचे हे दुसरे रूपांतर परिसाच्या रूपांतराइतकेच विस्मयकारक आहे, शिवाय ते खरोखर घडते. तरीही वाङ्मयाचे विद्यार्थी म्हणून आपण त्याकडे फारसे पाहिलेले नाही. प्रस्तुत लेखात ते एका साध्या वस्तूच्या आधाराने पाहण्याचा प्रयत्न आम्ही करणार आहोत. ती वस्तू म्हणजे जुन्या, झिजलेल्या कानशीतून केलेली सुरी.

सुऱ्या घडवण्याचा नाद ज्याला लागतो त्याला जाणकारांकडून पहिला सल्ला बहुधा हाच मिळतो : एखादी जुनी कानस घे. सल्ल्यामागची कारणे व्यवहारातली आहेत. दाते बोथट झालेली कानस भंगारात स्वस्त मिळते. तिचा आकार आधीच लांबट व चपटा असतो आणि एका टोकाला मूठ बसवण्यासाठी निमुळते शेपूटही असते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती उत्तम पोलादाची असते. जिला लोखंड घासायचे आहे तिला त्या लोखंडाहून कठीण असावेच लागते. इमारतीच्या साध्या सळईत कार्बनचे प्रमाण शेकडा पाव टक्क्याच्या आसपास असते, तर चांगल्या कानशीत ते एक ते सव्वा टक्का असते. एवढ्याशा फरकाने एक वस्तू वाकते आणि दुसरी धार धरते. अलीकडच्या काही स्वस्त कानशी मात्र केवळ वरच्या कातडीपुरत्या कठीण केलेल्या असतात आणि आतून साध्याच लोखंडाच्या असतात. म्हणून सुरी करायला घेण्यापूर्वी कानशीचा लहानसा तुकडा तापवून, विझवून, मोडून पाहण्याची रीत आहे.

हा टक्का-सव्वा टक्का म्हणजे काय, हे कळायला माणसाला फार काळ लागला. पोलाद म्हणजे अधिक शुद्ध झालेले लोखंड, अग्नीत मळ जळून गेल्यावर उरलेले सत्त्व, असेच युरोपातही दीर्घकाळ मानले जात होते. रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७२२ साली पोलादावर मोठा ग्रंथ लिहिला. लोखंडाला पोलाद होण्यासाठी काहीतरी गमवावे लागत नसून मिळवावे लागते, या दिशेने विचार त्यात सुरू झाला होता. ते ‘काहीतरी’ म्हणजे कार्बन, हे वाँदरमाँद, बर्तोले आणि माँझ या तिघांनी १७८६ च्या निबंधात मांडले. म्हणजे पोलाद ही शुद्धी नव्हे, ती एक प्रमाणबद्ध भेसळ आहे. शुद्ध लोखंड मऊच असते. त्यात निखाऱ्याचा अंश उतरला, तोही बेताने, तरच ते कणखर होते. प्रमाण वाढत चार टक्क्यांकडे गेले की ते बिडासारखे ठिसूळ होऊन घणाखाली फुटते. परिसाच्या दृष्टान्तात शुद्धीला जे स्थान आहे त्याच्या अगदी उलट असे हे सत्य आहे. लोहाराच्या हातांना ते रसायनशास्त्राच्या कितीतरी आधी ठाऊक होते, मात्र या शब्दांत नव्हे.

कानशीचा स्वतःचा इतिहासही कष्टाचा आहे. बाराव्या शतकातील थिओफिलस या टोपणनावाने लिहिणाऱ्या युरोपीय कारागीर-भिक्षूने आपल्या ग्रंथात कानशी करण्याची कृती दिली आहे. दाते पाडून झाल्यावर जाळलेल्या शिंगाची पूड आणि मीठ लावून कानस तापवावी व मग पाण्यात विझवावी, असे तो सांगतो. पुढे अठराव्या शतकात बेंजामिन हंट्समन हा घड्याळजी आपल्या घड्याळांच्या कमानींसाठी एकजिनसी पोलाद मिळत नाही म्हणून अस्वस्थ झाला. १७४० च्या दशकात इंग्लंडमधील शेफील्डजवळ त्याने बंद मुशीत पोलाद वितळवण्याची पद्धत बसवली. या मुशीच्या पोलादावर शेफील्डच्या सुऱ्या, वस्तरे आणि कानशी यांची कीर्ती उभी राहिली.

त्या काळी कानशीचा प्रत्येक दाता हाताने पाडला जात असे. नरम पोलादाची पट्टी शिशाच्या ठोकळ्यावर ठेवायची आणि छिन्नी-हातोड्याने एकेक रेघ उमटवत जायचे. पट्टी उलटवून दुसरी बाजू कोरताना पहिल्या बाजूचे दाते मोडू नयेत म्हणून खाली मऊ शिसे लागे. त्याच शिशाचे कण अंगात जाऊन शेफील्डच्या कानस-कारागिरांना शिशाची विषबाधा होई. हातांतली ताकद जाई आणि मनगटे लुळी पडत. दाते पाडणाऱ्या यंत्राची कल्पना लिओनार्दो दा विंचीच्या रेखाटनांतही सापडते, पण व्यवहारात टिकेल असे यंत्र अमेरिकेत विल्यम निकल्सन याने १८६४ साली पेटंट घेऊन उभे केले. यंत्राने कानस स्वस्त झाली आणि कालांतराने ती टाकून देण्याजोगी वस्तू बनली. त्यापूर्वी झिजलेली कानस कोणी फेकत नसे. ती पुन्हा नरम करून, जुने दाते घासून, जात्याला टाकी लावावी तसे तिच्यावर नवे दाते पाडले जात. वारंवार टाकी खाऊन पट्टी फार पातळ झाली की मगच तिचे रूप बदले. जुन्या कानशीची सुरी करणारा आजचा नवशिका त्या जुन्या काटकसरीच्या वाटेनेच जात असतो.

या सुरीचे काम साधारण चार टप्प्यांत होते. पहिला टप्पा नरम करण्याचा. कानस मुळात इतकी कठीण असते की दुसरी कानस तिच्यावरून नुसती घसरते. म्हणून ती भट्टीत लाल होईपर्यंत तापवायची. पोलाद एका विशिष्ट उष्णतेला पोहोचले की लोहचुंबक त्याला चिकटेनासे होते, ही त्याची खूण. ती मर्यादा सुमारे ७७० अंश सेल्सिअसची आहे. ती थोडी ओलांडली की तुकडा राखेत पुरून ठेवायचा आणि रात्रभर सावकाश थंड होऊ द्यायचा. सकाळी राखेतून निघते ती कानस दिसायला कानसच असते, पण तिचा धर्म गेलेला असतो. जी काल लोखंड घाशीत होती तिलाच आज दुसरी कानस घासू शकते.

दुसरा टप्पा आकाराचा. पाते, टोक, पाठ आणि मुठीत जाणारा भाग आखून घ्यायचा व जास्तीचे पोलाद घासून काढायचे. मुठीच्या खिळ्यांसाठी लागणारी भोके याच वेळी पाडून घ्यावी लागतात, कारण पुढे ती पडणार नाहीत. जुने दाते पूर्ण घासून टाकावेत असा सल्ला दिला जातो. प्रत्येक दात्याच्या तळाशी एक बारीक खाच असते आणि पुढे विझवताना तडा जायचाच असेल तर तो तिथून सुरू होतो. तरीही काही कारागीर पाठीजवळ दात्यांच्या फिकट रेषा मुद्दाम राहू देतात. जुनी हस्तलिखिते खरवडून त्याच चर्मपत्रावर नवा मजकूर लिहिला जाई आणि खालची अक्षरे पुसटशी दिसत राहत, त्याची आठवण या रेषा पाहताना वाङ्मयाच्या अभ्यासकाला झाल्यावाचून राहणार नाही.

तिसरा टप्पा पाणी देण्याचा, आणि इथे आपली भाषा आपल्याशी बोलू लागते. पोलाद हा शब्द फारसीतून आला. त्याच्याआधीचा आपला शब्द ‘तिखे’ हा होता. संस्कृत ‘तीक्ष्ण’ पासून तो आला आहे. रसशास्त्राच्या ग्रंथांत लोहाचे मुंड, तीक्ष्ण आणि कांत असे भेद केलेले आढळतात, त्यांतले तीक्ष्ण ते हेच. जिभेला झोंबते ते तिखट आणि बोटाला कापते ते तिखे, अशी ही सख्खी भावंडे. ‘तिखे’ आता जवळजवळ कोशापुरते उरले आहे. ‘पाणी’ मात्र अजून जिवंत आहे. हत्याराला पाणी देतात, पाणी पाजतात. माणूस पाणीदार असतो आणि दोघांच्या अंगातले पाणी जोखता येते. फारसीतल्या ‘आब’ या शब्दातही पाणी आणि तेज दोन्ही आहेत, म्हणून मोती आबदार आणि तलवारही आबदार. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील बृहत्संहितेत खड्गलक्षणाचा स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात या क्रियेला नावच ‘शस्त्रपान’ असे आहे. शस्त्र तहानलेले आहे आणि त्याला काय पाजायचे हे कारागिराने ठरवायचे, ही कल्पना त्या एका शब्दात सामावली आहे.

वराहमिहिराने पाजायच्या द्रव्यांची यादी दिली आहे. ज्याला जे फल हवे त्याप्रमाणे रक्त, तूप किंवा पाणी तो सांगतो. पुढे रुईचा चीक, मेंढ्याच्या शिंगाची मषी आणि कबुतर व उंदीर यांची विष्ठा यांचा लेप लावून शस्त्राला पाणी द्यावे, म्हणजे ते दगडावरही मोडत नाही, असेही एक विधान येते. अशा याद्या वाचून हसण्याचा मोह होतो. परंतु सहाव्या शतकातल्या उज्जयिनीकडील ज्योतिषी आणि बाराव्या शतकातला युरोपीय भिक्षू या दोघांच्याही कृतींत शिंग यावे, हा नुसता योगायोग नव्हे. जळलेल्या शिंगात कार्बन असतो, नायट्रोजनही असतो, आणि तापलेल्या लोखंडाच्या पृष्ठभागात ही दोन्ही मुरली की तो पृष्ठभाग कठीण होतो. यादीत श्रद्धा आहे, शकुन आहे आणि त्यांच्यात मिसळून खरा अनुभवही आहे. अशा मजकुरातून अनुभव वेगळा काढण्याचे काम भाषाशास्त्र एकट्याने करू शकत नाही. त्यासाठी भट्टीही पेटवावी लागते.

आजचा नवशिका रुईचा चीक वापरत नाही. तो पाते पुन्हा लाल करतो, चुंबक सोडताच किंचित अधिक तापवतो आणि कोमट तेलात सरळ बुडवतो. साध्या पाण्यात ते इतक्या झटक्याने निवते की तडकण्याचे भय असते. त्या काही क्षणांत आत जे घडते त्याचे वर्णन धातुविज्ञानाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केले. तापलेल्या लोखंडाच्या स्फटिकांत कार्बन मोकळेपणी सामावलेला असतो. सावकाश थंड होऊ दिले तर तो आपली वेगळी जागा शोधून बाजूला होतो आणि पोलाद नरम राहते. एकदम थंड केले तर त्याला निघायला वेळच मिळत नाही. तो आतच कोंडला जातो आणि त्या कोंडमाऱ्याने सारी रचना ताणली जाते. आडोल्फ मार्टेन्स या जर्मन संशोधकाच्या नावावरून या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. पोलादाचे काठिण्य म्हणजे असा अडवून धरलेला ताण आहे.

म्हणूनच चौथा टप्पा अटळ असतो. नुसते पाणी दिलेले पाते काचेसारखे असते. ते हातातून फरशीवर पडले तर दोन तुकडे होतात. त्याचा ताण थोडा उतरवावा लागतो. पाते घासून चकचकीत करायचे आणि बेताच्या आचेवर धरायचे. पृष्ठभागावर प्रथम गव्हाच्या काडासारखा फिकट पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. सुरीला पिवळा रंग पुरतो, तो साधारण २०० ते २३० अंशांचा. निळा रंग ३०० अंशांच्या आसपासचा. तो कमानीला योग्य, पण सुरीची धार तिथपर्यंत गेली की मऊ पडते. हे रंग म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचा अतिपातळ थर आहे आणि थराची जाडी वाढेल तसा रंग बदलतो. तापमापक नव्हता तेव्हा लोहार हाच रंग वाचत असे. भट्टीची जागा अंधारी ठेवण्यामागेही हे कारण आहे, कारण लखलखत्या उन्हात लोखंडाची लाली नीट दिसत नाही. ‘तावून सुलाखून’ हा आपला शब्दप्रयोग सोनाराच्या परीक्षेतून आलेला. त्यात आधीच असलेल्या गुणाची खात्री करून घेणे आहे. लोहाराच्या तावात गुण नव्याने निर्माण होतो, आणि किती निर्माण करायचा व कुठे थांबायचे हे डोळा ठरवतो.

हे ज्ञान लिहिले का गेले नाही, या प्रश्नापाशी आपल्याला यावेच लागते. त्याचे उत्तर शोधताना एका प्रसिद्ध प्रकरणाकडे पाहू. दक्षिण भारतात बंद मुशींत पोलाद करण्याची कला हंट्समनच्या कितीतरी शतके आधीपासून होती. बाहेरच्या जगात ते ‘वूट्झ’ म्हणून ओळखले गेले. कन्नड ‘उक्कु’ या शब्दाचा हा अपभ्रंश असावा असे सामान्यतः मानतात. तेलंगणातील कोनसमुद्रम् येथे हे पोलाद कसे करीत आणि ते घेण्यासाठी इराणचे व्यापारी कसे येत, याचे वर्णन हेन्री व्हॉयसे यांच्या १८३२ साली प्रसिद्ध झालेल्या टिपणात आहे. त्याआधीच, १७९० च्या दशकात, मुंबईतील कंपनी सरकारचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले होते. जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांच्यावर प्रयोग करून १७९५ साली रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. त्या निबंधाच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईत तयार होते असे म्हटले आहे. माल जिथून जहाजावर चढला तेच त्याचे जन्मगाव ठरले आणि ज्यांनी तो केला त्यांची गावे व नावे शीर्षकाबाहेर राहिली.

पुढे हेच पोलाद मायकेल फॅरडे यांच्या हाती आले. त्यांनी १८१९ मध्ये त्याचे पृथक्करण प्रसिद्ध केले आणि जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या-शस्त्रे करणाऱ्या कारागिराबरोबर १८२० व १८२२ मध्ये पोलादाच्या मिश्रधातूंवर निबंध लिहिले. वूट्झचे रहस्य अॅल्युमिनामध्ये आहे हा त्यांचा तर्क टिकला नाही, परंतु मिश्रधातूंच्या पोलादाचा अभ्यास तिथून पुढे सरकला. या प्रकरणातील आम्हांला सर्वाधिक महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. फॅरडे हे लोहाराचे पुत्र होते. लहानपणी त्यांनी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केली आणि बांधायला आलेली पुस्तके वाचली. लोहाराचा मुलगा आणि सुऱ्या करणारा कारागीर यांनी मिळून प्रयोग केले व तेच दोघे निबंधाचे लेखक झाले. भारतातील ज्या मुशींतून ते पोलाद आले होते तिथल्या कारागिराला मात्र असा निबंध लिहिण्याची वाट नव्हती. एकीकडे ऐरण आणि अक्षर एका घरात आले. दुसरीकडे जातीने दोहोंमध्ये भिंत बांधली होती. ज्याच्या हातात घण त्याच्या हातात लेखणी नाही आणि ज्याच्या हातात लेखणी त्याने भात्याची दोरी कधी ओढलेली नाही. ज्ञान न लिहिले जाण्याचे हे कारण कोणत्याही ‘गुप्त विद्ये’पेक्षा अधिक साधे आणि अधिक कठोर आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारांची व्यवस्था तपशिलाने येते. कुळाचे आणि कारागिराचे देणेघेणे, हक्क, तंटे असा त्याचा मुख्य रोख आहे. लोहार तिथे बलुत्याचा धनी म्हणून भेटतो. रंग वाचणारा ज्ञानी म्हणून तो भेटावा, अशी त्या प्रकारच्या लेखनाची मागणीच नव्हती. मध्य भारतातील लोखंड गाळणाऱ्या आगरिया जमातीवर व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तोवर स्वस्त परदेशी लोखंड आणि जंगलावरचे निर्बंध यांनी त्यांच्या भट्ट्या बहुतांशी विझवत आणल्या होत्या. साकचीला १९१२ साली टाटांच्या कारखान्यात पोलाद ओतले जाऊ लागले होते. गावच्या लोहाराकडे लोखंड आता खाणीतून येत नव्हते, ते भंगारातून येत होते.

या भंगाराकडे आपण कमीपणाने पाहू नये. रस्त्याकडेला पाल ठोकून भाता चालवणारे घिसाडी ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून कोयता घडवतात. त्या पाट्यात कार्बन किती याचा दाखला त्यांच्यापाशी नसतो. ठिणगी कशी उडते, घणाखाली धातू कसा दबतो आणि पाणी दिल्यावर कानस त्यावर घसरते की चावते, यावरून ते त्याची जात ओळखतात. ऊस ज्या कोयत्याने तुटतो त्यामागे हे वाचन आहे. कानशीची सुरी हौसेने करणारा शहरी माणूस जी अक्षरे पुस्तकातून आणि तापमानाच्या कोष्टकातून गिरवतो, तीच इथे पिढ्यानपिढ्या वाचली गेली आहेत. दोघांची प्रतिष्ठा मात्र सारखी नाही. एकाच्या कामाला छंद म्हणतात, कला म्हणतात. दुसऱ्याच्या कामाला पोटापाण्याचा धंदा म्हणतात आणि पाल उठवायला सांगतात.

आम्हांला वाटते की वाङ्मयाच्या अभ्यासकाचा इथे दुहेरी संबंध येतो. एक तर भाषेचा. ‘पाणीदार’, ‘धारदार’, ‘ताव’, ‘ऐरणीवर आलेला प्रश्न’ हे शब्द आपण रोज वर्गात वापरतो, समीक्षेत तर फारच सढळपणे वापरतो. त्यांच्या मुळाशी असलेली क्रिया डोळ्यांसमोरून गेली की शब्द उरतो, पण त्याचे पाणी उतरते. शैली धारदार आहे असे म्हणताना धार ही काठिण्य आणि लवचीकपणा यांच्या तडजोडीतून येते, केवळ कठीण पाते मोडते, हे ठाऊक असेल तर आपले विधान अधिक जबाबदार होईल. दुसरा संबंध इतिहासाच्या साधनांचा. बखरी, सनदा, पत्रे, ग्रंथ यांपलीकडे वस्तूही मजकूर असतात आणि काही मजकूर केवळ हातांनी वाचता येतो. वराहमिहिराच्या श्लोकातील शिंग समजायला कोश पुरत नाही. कानशीची सुरी करून पाहणारा माणूस, त्याला कल्पना असो वा नसो, अशा मजकुराचे वाचन करीत असतो.

परिसाच्या दृष्टान्ताचे मोल यामुळे कमी होत नाही. तो कृपेचा दृष्टान्त आहे आणि कृपेत श्रमाचा हिशेब नसतो. पण परिसाच्या स्पर्शाने झालेले सोने पुन्हा लोखंड होत नाही, तर पोलादाचे रूपांतर प्रत्येक वेळी नव्याने करावे लागते. कानशीला नरम करता येते, तिची सुरी करता येते आणि सुरी झिजली की तिचीही आणखी काही लहान वस्तू होऊ शकते. प्रत्येक वेळी कोणीतरी अंधाऱ्या जागेत बसून लाल रंगाकडे लक्ष लावून पाहावे लागते. आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात त्या पाहणाऱ्याची नोंद व्हायची अजून राहिलेली आहे.